ओसरीवरची लाल रेघ

५ जानेवारी १९३६, शहादे
चाळिशी उलटली. आजपासून शरीराचं रेकॉर्ड ठेवायचं. पल्स, झोप, वजन. वजन जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या काट्यावर. एका इंग्रजी मासिकातल्या लेखाप्रमाणे चार्ट ओसरीच्या भिंतीवर लावला. लाल रेघ वजनाची. डोळ्यांसमोर राहिलं की माणूस सुधारतो म्हणे. बी. ए. होऊनही इतकी वर्षं हे सुचलं नाही.

१९ जानेवारी
भिंतीवर लावण्यात अहंकार आहे का? थोडा असावा. पण काढला तर आळस ठरेल. राहू दिला.

२ फेब्रुवारी
अचूकपणा हवा म्हणून पागोटं, कोट, जोडे उतरवून वजन केलं. रेघ एकदम खाली. आकडा खरा, म्हणून तसाच मांडला. शेजारचे चुनीलाल बराच वेळ चार्टकडे बघत होते. लोकांना गोडी लागते आहे.

८ फेब्रुवारी
उद्या ब्राह्मणपुरीचे दोधू पाटील मुलासाठी आमच्या सरलाला पाहायला येणार. मुलगा तिने एका लग्नात पाहिला आहे. आज तिने ओसरी दोनदा सारवली. तिची आई म्हणाली, “तो कागद काढी ल्या, पाव्हणा येई ऱ्हायनात.” मी म्हणालो, सोयऱ्यांपासून लपवणं बरं नव्हे.

९ फेब्रुवारी
पोह्यांना हात न लावता पाटील चार्टसमोर उभे. “हाई लाल रेघ खाले का बरं उनी?” पागोट्याचं समजावलं. नाडी बघा म्हणून हातही पुढे केला. ते मागे सरकले. “भाऊ, पोरीले बी हाई दुखनं शे का?” मी हसलो. बाकी कोणी नाही. मुलगी न पाहताच गेले.

१६ फेब्रुवारी
नकार आला. आमच्या घरात काहीतरी दुखणं आहे, असं गावभर झालं. अनुमान साफ चूक. रेघ वर नेऊन दाखवतो. दूध दुप्पट. सरला वाढते, बोलत नाही.

१ मार्च
वजन वाढलं. चुनीलाल म्हणाले, “सूज शे.”

२२ मार्च
तळोद्याहून मेहुणे हिंमतराव आले. सरलासाठी तिकडचं स्थळ जमवलं. मुलाकडच्यांना त्यांनी सांगितलं, बापाचं काळीज कमजोर, पावसाळा काढेल असं वाटत नाही, मुलीचं लग्न बघू द्या. दया येऊन त्या लोकांनी हुंडाही सोडला. “दाजी, तुम्ही फक्त पडी ऱ्हा. बाकी मी पाही लिसु.”
मी म्हणालो, हे खोटं आहे.
आतून सरला म्हणाली, “बापू, पडा ना.”
दीड महिन्यानंतर बोलली.

१२ एप्रिल
खाटेवर आहे. चार्ट मीच काढला. आज नवे व्याही भेटायला आले. मोसंबी आणली. माझा हात धरून रडले. मी ठरल्याप्रमाणे खोकलो. लग्नानंतर बरं कधी व्हायचं, ते हिंमतरावांनी अजून कळवलेलं नाही.