खुर्चीवरची शाल

नळदुर्ग,
४ सप्टेंबर २०२५

ती. केशरअक्कास,
अमृतचा सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि आपल्या घरात काय भाजी झाली ते अख्ख्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा हा कागद बरा. तुझ्या भावजयीची, प्रेमाची पाठ आता बरीच ठीक आहे. चैताली तलाठी भरतीच्या अभ्यासाला सकाळीच डबा घेऊन वाचनालयात जाते, ती दिवे लागल्यावर घरी येते. वाचनालयातली मागची मुलींची खोली नसती तर आपल्या दोन खोल्यांत तिचा अभ्यास कसा झाला असता कोण जाणे.

बातमी अशी, की आमच्या बोरीकाठ वाचनालयाचे अध्यक्ष आण्णासाहेब गुडघ्यांच्या ऑपरेशनला सोलापूरला गेले. दिवाळी होईपर्यंत तरी त्यांना जिना चढता यायचा नाही. जाण्याआधी मला घरी बोलावून म्हणाले, की अमृतराव, आता वाचनालय तुमच्याकडं हाय, कुणावर सोडू नका.

उपाध्यक्ष करतो तरी काय, असं तू दर वेळी विचारतेस. आजवर खरंच हार आणायचा, पाहुण्याला नारळ द्यायचा आणि शेवटी आभार मानायचे, एवढंच केलं. पण संस्थेच्या घटनेत लिहिलेलं आहे, की अध्यक्ष नसतील तेव्हा उपाध्यक्षानं त्यांच्या खुर्चीवर बसून बैठक चालवायची, आणि मतं सारखी पडली तर खुर्चीवर बसणाऱ्याचं एक मत जादा धरायचं. आपल्या वस्तीतलं कुणी या संस्थेत त्या खुर्चीवर आजवर बसलेलं नाही. एकवीस तारखेला बैठक आहे. एवढी वर्षं एसटी स्टँडवर माईक धरून गाड्या सोडल्या, तरी छातीत थोडं धडधडतंय.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा,
अमृत

येडशी,
१० सप्टेंबर २०२५

चि. अमृत यास,
अक्काचे अ. आ.

पत्र पोचलं. उत्कर्षची स्टेशनवर रात्रपाळी चालू आहे, लेक दिवसा झोपतो, त्यामुळे दिवसभर घरात चिडीचूप. मला कानांमुळे सगळीकडंच चिडीचूप, ते वेगळं.

तुझा उपाध्यक्ष म्हणजे लग्नातली करवली. फोटोत सगळीकडं, पण अक्षता काही तिच्यावर पडत नाहीत. आता पडणार म्हणतोस तर बघू. चिडवते म्हणून रागावू नको. तुझं पत्र मी आधी सुनेला वाचून दाखवलं, मग शेजारणीला, मग पिठाच्या गिरणीवर गेले तेव्हा पिशवीत घेऊनच गेले. गिरणीवाला कानाशी येऊन ओरडला, आजी, कितींदा वाचताय. म्हटलं, तुला काय करायचंय, तू दळण दळ.

पांढरा सदरा इस्त्री करून घाल. बैठकीत घसा खाकरू नको, तुला सवय आहे. आणि झाल्यावर सगळं लिही, एक शब्द गाळू नको.

प्रेमाला पाठीला तेल लावायला सांग. माया आहेच.
तुझी,
अक्का

नळदुर्ग,
२३ सप्टेंबर २०२५

ती. केशरअक्कास,
सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि.

इकडे पावसानं कहर मांडला आहे. सोयाबीन शेतात उभ्या उभ्या कुजलं. किल्ल्याच्या बाजूला बोरी नदी बघायला गर्दी होते आहे, पण मी गेलो नाही.

बैठक ठरल्याप्रमाणे झाली. सगळं खेळीमेळीत पार पडलं. मल्लिकार्जुन गुरुजींनी नेहमीप्रमाणे विनोद केले, चहा चांगला होता. मुलींच्या खोलीचा विषय निघाला होता, त्याची तात्पुरती काही व्यवस्था झाली आहे. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. पांढरा सदरा घातला होता.

चैताली सध्या घरीच अभ्यास करते. फारशी बोलत नाही. परीक्षेचं दडपण असावं.

तब्येतीला जप. लोभ असू दे.
तुझा,
अमृत

नळदुर्ग,
२७ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
चैतालीचा जयभीम व सा. न.

आत्या, बाबांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण घरात ते कुणाशी नीट बोलत नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलत नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवेना. मैत्रिणींना सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला लिहिते.

सचिव रणधीरदादांना आमची अभ्यासाची खोली निवडणुकीच्या संपर्क कार्यालयाला हवी होती. मुलींनी पुढच्या हॉलमध्ये बसावं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या हॉलमध्ये दिवसभर पुरुष पेपर वाचतात, मोबाईल मोठ्यानं लावतात. तिथं बसायला किती जणींच्या घरून पाठवतील? बैठक चालू होती तेव्हा मी मागच्या खोलीतच होते आणि मधलं दार उघडं होतं.

आण्णासाहेबांच्या खुर्चीवर त्यांची सत्काराची शाल घडी करून ठेवलेली होती. ते नाहीत, म्हणून त्यांचा मान. बाबा बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खोलीसाठी हात वर झाले तेव्हा तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. बाबांचा हात आमच्या बाजूनं होता, ते खोटं बोलणार नाही. मग रणधीरदादा म्हणाले, की बरोबरी झाली, जादा मत खुर्चीचं, आणि खुर्ची तर रिकामी. काका, बसताय का? ते हसत विचारत होते. कमिटीतल्या नीलम्माकाकू दोनदा म्हणाल्या, बसा की वो, बसा. बाबा म्हणाले, की ऱ्हाऊ द्या, ती आण्णासाहेबांची हाय.

मग रणधीरदादा म्हणाले, की निकाल देणारं कुणी नसलं तर रोजची व्यवस्था सचिवाकडंच. दुसऱ्या दिवशी आमची टेबलं जिन्याखाली गेली. आता माझ्या शेजारच्या टेबलावरची शिवांजली येत नाही. तिच्या आजोबांनी सांगितलं, की पुरुषांत बसून शिकायची गरज न्हाय, मामाकडं जा. ती अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार आहे, आत्या.

ती शाल नक्की रणधीरदादांनीच ठेवली असणार, बाबांना बसता येऊ नये म्हणून. पण ती उचलून बाजूला ठेवायला किती वेळ लागला असता? मी पाहिलं हे बाबांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.

तुमची,
चैताली

येडशी,
३ ऑक्टोबर २०२५

चि. अमृत यास,
अ. आ.

चैतालीनं पत्र लिहिलं. तिनं सगळं पाहिलं हे तुला सांगू नका म्हणाली, म्हणूनच सांगते. पोरीचा विश्वास मोडला याचं मला वाईट वाटतं, मी तिची माफी मागेन. पण लेकीनं आपल्याला पाहिलं हे बापाला कळलंच पाहिजे.

त्या रणधीरला काय म्हणू? शाल ठेवून माणूस अडवतात होय? पण तू अडलास कसा? मी गिरणीवर मिरवून आले तुझ्यासाठी. आता तिकडं जायचं म्हणजे सुनेला पाठवते.

आपल्या बापाची, दादांची आठवण कर. गावात सगळे त्यांना आबाराव म्हणत, पण कुणी त्यांना खुर्ची देत नव्हतं. एकदा सोलापूरच्या जुन्या बाजारातून लाकडी हातांची खुर्ची ते डोक्यावर घेऊन आले. आधी एसटीच्या टपावर, मग फाट्यापासून पायी. अंगणात ठेवली आणि आपल्याला एकेकाला बसवलं. तू खुर्चीच्या कडेवर बसलास, पाय हलवत, कुणी ऊठ म्हणेल म्हणून आधीच तयार. दादांनी तुझ्या छातीवर हात ठेवून तुला मागं रेटलं आणि म्हणाले, की आपली मानसं खुर्ची भेटली तरी कडंवर बसत्यात. टेकून बसायला शिक. तू रडायला लागला होतास, मी हसत होते. ते आता आठवलं तेव्हा हसू आलं नाही.

काल अशोक विजयादशमी. विहारात गेले होते. सगळ्यांसाठी मेणबत्ती लावली, तुझ्यासाठी लावताना हात थांबला. मग लावली.

उत्तराची वाट बघते आहे. माया तुटत नाही, म्हणून तर राग येतो.
अक्का

नळदुर्ग,
९ ऑक्टोबर २०२५

ती. केशरअक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. रणधीरबद्दल तू लिहिलंस, चैतालीचाही तसाच समज आहे. तो समज तसाच राहिला असता तर माझी बाजू थोडी बरी दिसली असती. पण ते खोटं आहे. शाल मी ठेवली.

बैठकीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेलो. पांढरा सदरा घातला होता. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, खुर्ची पुसली. बसून पाहावं म्हणून पुढं झालो आणि अक्का, बसवेना. रणधीर काय म्हणेल, जिन्यावरून येणारा पहिला माणूस मला तिथं बसलेला पाहून कसा थबकेल, एवढंच डोळ्यांपुढं आलं. कुणी काही बोललेलं नव्हतं. जिन्यावर पाऊलसुद्धा वाजलं नव्हतं. कपाटात आण्णासाहेबांची सत्काराची शाल होती. ती काढली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. आता कुणी बस म्हणणार नाही आणि कुणी ऊठ म्हणणार नाही, असं वाटून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

रणधीर आला तेव्हा त्यानं शाल पाहिली आणि म्हणाला, की काका, बरं केलंत, मोठ्यांचा मान राखला. मी खूश झालो. त्याला जे आयुष्यात साधलं नसतं ते मी स्वतःच्या हातानं करून दिलं होतं, हे मला मतं पडल्यावर कळलं. आणि कळल्यावरही मी उठलो नाही. सगळ्यांसमोर मानानं ठेवलेली शाल आता कशी उचलायची, असं वाटलं.

काल सोलापूरला आण्णासाहेबांना भेटून आलो. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, की अमृतराव, ती शाल तर मला टोचती म्हणून मी तिथं टाकून दिली होती. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. म्हणाले, मी सांगून आलो होतो तुम्हाला.

चैतालीला सांगितलं, प्रेमासमोर. तिनं ताट वाढलं, पण शेजारी जेवायला बसली नाही.

उपाध्यक्षाला खास बैठक बोलावता येते. दोन नोव्हेंबरची नोटीस माझ्या सहीनं काढली आहे. लोभ उरला असेल तर असू दे.

अमृत

नळदुर्ग,
८ नोव्हेंबर २०२५

ती. केशरअक्कास,
अमृतचा सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि.

या वेळी एक शब्द गाळत नाही.

शाल मी आण्णासाहेबांना सोलापुरातच परत दिली होती, त्यामुळे कपाटात काही नव्हतं. या वेळी मुद्दाम सगळ्यांच्या नंतर गेलो. सगळे बसलेले, खुर्ची रिकामी. मी दारापासून खुर्चीपर्यंत चालत गेलो. रणधीर मोबाईलमध्ये बघत होता. नीलम्मा पदराआड हसत होती, तेवढाच आधार. मी बसलो.

पहिल्यांदा मी सगळ्यांना सांगितलं, की मागच्या वेळी शाल मी ठेवली होती आणि ती मानासाठी नव्हती, माझ्या भीतीसाठी होती. गुरुजींनी विनोद केला नाही. मग खोलीचा विषय घेतला. रणधीर म्हणाला, की निवडणूक तोंडावर आलीया, महिनाभरानं खोली देतो, आत्ताच कशाला वाद. हात वर झाले, पुन्हा तीन आणि तीन. मी जादा मत दिलं. घसा खाकरला, त्याची माफी असावी. खोली मुलींना परत मिळाली. रणधीर चहा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी टेबलं वर चढवताना मी आणि प्रेमा दोघांनी हात लावला.

तू शाबासकी देशील म्हणून हे लिहीत नाही. मुली परत आल्या, पण सगळ्या नाही. मी शिवांजलीच्या घरी गेलो होतो. तिच्या आजोबांनी पाणी दिलं, बसायला दिलं, आणि सांगितलं, की पोरीचं मामाकडंच जमवलंय, पुढल्या महिन्यात बोलणी हायेत, आता अभ्यास कशाला. मी खूप विनवलं. ते म्हणाले, की तवा खोली असती तर ठेवली असती हो इथंच. यात त्यांचा राग नव्हता, ते फक्त सांगत होते. मी परत येताना रस्त्यात दोनदा थांबलो. तिच्या टेबलावर चैताली कुणाला बसू देत नाही.

बैठकीच्या दिवशीही मधलं दार उघडं होतं; कार्यालयाच्या सामानात जागा करून चैताली आत येऊन बसली होती. सगळे गेल्यावर मी खुर्चीवर तसाच बसून राहिलो. चैताली पुस्तकं घेऊन बाहेर आली. इतक्या दिवसांत ती स्वतःहून माझ्याशी बोलली नव्हती. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, की बाबा, तुम्ही सगळी बैठक कडेवर बसून काढली. मी खाली पाहिलं. खरंच, अर्धी खुर्ची मागं मोकळी होती.

दादांची गोष्ट तू तिला लिहिली होतीस का, ते विचारायचं राहिलं. तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला हळूच मागं रेटलं.

तुझा,
अमृत