फॉस्फेट काही बाहेर पडत नाही

३ फेब्रुवारी
अजून आतच! सहा महिने झाले, हलायला तयार नाही. स्नायूंमध्ये ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, मण्यांच्या माळेसारखे. प्रत्येक मण्यात इंधन फुटतं, फॉस्फेटचा तुकडा सुटतो — आणि तिथंच ठाण मांडतो. का? मागच्या दाराला कडी! दोन अमिनो आम्लांनी एकमेकांचा हात धरलेला. ते दार उघडताना कॉम्प्युटरवर दाखवायचं, एवढीच माझी पीएच.डी. तेरा तारखेला सेमिनार. नाही दाखवलं तर फेलोशिप बंद, आणि मी सासरची भेंडी तोडायला मोकळी.

४ फेब्रुवारी
सासूबाई चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अजून आतच हाय? मेला जेवाला थांबलाय का?"
अख्ख्या आळीत सांगून ठेवलंय म्हणे — सुनेच्या कॉम्प्युटरात कोणीतरी अडकलाय! दोघी जणी खिडकीतून डोकावूनही गेल्या. मी काही खुलासा केला नाही. उलट चेहरा गंभीर केला.

६ फेब्रुवारी
आज वैतागून कॉम्प्युटरवरच फॉस्फेटला जोरात ओढलं. निघालं! पण दारातून नाही, भिंत फोडून.
सर फोनवर: "मॅडम, हे संशोधन आहे की दरोडा?" हलक्या हातानं ओढायचं म्हणे. हलक्या हातानं ते ढिम्म हलत नाही हो! सरांना मनातल्या मनात दोन ओळी भेंडी तोडायला लावली.

८ फेब्रुवारी
लॅबमधल्या रूपाचा फोन. "माझापण एक ॲक्टिन तुझ्या कॉम्प्युटरवर चालवशील? एकच अमिनो आम्ल वेगळं आहे." तेही नेमकं कडीतलं! कुठून आणलंय वगैरे सांगायला लागली. म्हटलं, पुराण नंतर, आधी फाईल पाठव.

१० फेब्रुवारी
उघडलं!!!
रूपाच्या ॲक्टिनमध्ये. अगदी हलक्या हातानं. कडी लागलीच नाही, फॉस्फेट मागच्या दारानं आरामात बाहेर! आमच्या नेहमीच्या ॲक्टिनला तेवढाच जोर लावला, तर ढिम्म. म्हणजे खरी कडी हीच! सर चक्क "शाब्बास" म्हणाले.
मी अशी किंचाळले की सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "गेला? गेला गो बाय एकदाचा!" नवऱ्याला, विपुलला, फोन केला — ड्युटीवरून येताना मानकोलीहून पेढे आण. दोन किलो आण. फेलोशिप वाचली!

११ फेब्रुवारी
रूपाला फोन केला, पेढे ठेवलेत सांगायला. तिनं त्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं सांगितलं.
तो कडीतला बदल एका मुलीच्या जनुकीय तपासणीत सापडलाय. चार वर्षांची आहे. स्नायूंत जोरच नाही, अजून मान धरत नाही.
बाहेर सासूबाई पेढे वाटतायत.