तिसरा रकाना

प्रिय सुमेधदादा,

नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र येतंय, तेही टपालाने, तेव्हा आधी हसून घे आणि मग वाच. आई आणि मी आता मोहन नगरात राहतो. बाबा मार्चमध्ये गेले. तुला कळवायला आमच्याकडे ना नंबर होता ना पत्ता, याचं फार वाईट वाटतं रे.

मी बाबांच्या प्लांटच्या दवाखान्यात काम करते, तेही तुला ठाऊक नसेल. प्लांटमधून निवृत्त झालेल्यांना तब्येतीच्या तपासणीची तारीख सांगणारे फोन आमचा संगणक आपोआप लावतो, होकार मिळेपर्यंत रोज. मी त्याला शिकवून ठेवलंय, मोबाइलचा रकाना रिकामा दिसला तर घरचा फोन घे, तोही रिकामा असेल तर तिसऱ्या रकान्यातला पत्ता छाप. यादीत बाबाही होते. त्यांच्या नावापुढे ‘मृत’ भरायचं होतं, पण हात धजावला नाही. मी नुसता त्यांचा मोबाइल नंबर पुसला आणि डबा खायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संगणकाने इमानदारीत आपल्या जुन्या घराचा, सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरचा नंबर लावला. ते क्वार्टर पाडून चार वर्षं झाली. तो काळा फोन वायर कापून आमच्याच माळ्यावर पडलाय. तरी नोंद आली, ‘उचलला, एक्केचाळीस सेकंद’. नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल म्हणून मी रेकॉर्डिंग ऐकलं. आधी कुकरची शिट्टी, मग तो ओळखीचा खोकला, मग बाबा, “कोन? सुमेध का? बोल ना रे, आयकून राहिलो मी.” तेव्हापासून रोज दहाला हेच, आणि रोज तुझंच नाव. माझं एकदाही नाही, याचा रागही आला, खोटं कशाला सांगू?

आईला ऐकवलं. ती घाबरली नाही. एवढंच म्हणाली, “या घरी फोन नोको करू, असं त्यायनंच म्हटलं होतं त्याले. आता वाट पाहून राहिले.”

मला मात्र सहन होईना. काल मी घरचा नंबरही पुसला. आज दहाला फोन लागला नाही, प्रिंटरमधून पत्त्याची एक पट्टी निघाली. त्यावर तुझं नाव होतं आणि कुम्हारीचा पत्ता. बसने पाऊण तास! जुना अर्ज काढून पाहिला, तर सात वर्षांपूर्वी बाबांनीच स्वतःच्या अक्षरात ‘जवळचा नातेवाईक’ म्हणून तुझा हा पत्ता भरला होता. तू कुठे आहेस हे त्यांना ठाऊक होतं, आणि दोघंही हट्टाला पेटून गप्प बसलात.

तीच पट्टी या लिफाफ्यावर चिकटवलीय. घरचा नंबर मी पुन्हा भरलाय, तुला तो पाठ असेलच. एकदा सकाळी दहाला लाव आणि त्यांच्याशी बोल. त्याशिवाय त्यांच्या नावापुढे ‘मृत’ लिहिणं माझ्याने होणार नाही. ते उचलतील, रोजच उचलतात.

तुझीच,
टीना