ज्यांच्यावाचून अडत नव्हतं

१७ ऑगस्ट २००६, गुरुवार. कॅरी

आज हॅलम आजोबा बोलता बोलता झोपले. टेप चालूच. मीही बंद केला नाही. व्हरांड्यात ऊन, पाइनचा वास, आत कुणीतरी पियानो वाजवतंय, तोही चुकत चुकत. वृद्धाश्रमात येते की कुणाच्या स्वप्नात, कळत नाही.

थीसिसचं तिसरं प्रकरण सध्या यांच्यावरच उभं आहे. महायुद्ध संपल्यावर वॉशिंग्टनने लष्कर, नौदल यांच्या वेगवेगळ्या हेरकचेऱ्यांतून माणसं काढून एकच केंद्रीय खातं केलं, त्या खात्यात पहिल्या दिवसापासून असलेला माणूस माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो. नशीब! नव्वदीला टेकलेत. लष्करात त्यांचं काम एकच होतं, विमानातून काढलेले समुद्रकिनाऱ्यांचे फोटो बघायचे आणि इथे होडी लागेल की नाही ते सांगायचं. त्यातल्या एकाही किनाऱ्यावर स्वतः कधी गेले नाहीत.

जाग आल्यावर म्हणाले, "तुझं गाव समुद्रावर आहे?"

म्हटलं, नागपूर. आमच्याकडे समुद्र नाही, नुसतं ऊन.

"मग ऊनच सांग." सांगत बसले. इंटरव्ह्यू राहिला.

२७ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. यंदा आपल्या इथली दोन्ही मंडळं एक झाली. आमच्या मंडळातून नव्या कमिटीवर मला पाठवलंय. समीर म्हणतो, "काँग्रॅट्स यार, नवरा आयटीत आणि बायको सेंट्रल कमिटीत." मीटिंगमध्ये ते लोक एका भिंतीशी, आपण दुसऱ्या. आरती कुणाच्या चालीत म्हणायची यावर तासभर वाद. शेवटी दोन्ही चालींत म्हटली, एकदम. बाप्पा काय ऐकत असेल!

७ सप्टेंबर, गुरुवार

आजोबा फॉर्मात. मंडळाची गंमत सांगितली तर हसून खोकला लागला. म्हणे अगदी हेच. वॉशिंग्टनला युद्धात घाईघाईने उभारलेली लाकडी इमारत, पावसात फुगून दारं न लागणारी. लष्करवाले एका भिंतीशी, नौदलवाले दुसऱ्या. कॉफीची भांडीसुद्धा दोन. "काय करायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं. खोकी येत होती, आम्ही ती उघडत होतो. एका हिवाळ्यात नौदलाचं भांडं फुटलं, तेव्हापासून कॉफी एकत्र. माझ्या मते खातं त्या दिवशी जन्मलं."

माझे गाइड म्हणतात, पुनर्रचनेमागची दूरदृष्टी शोधा. कॉफीचं भांडं कुठे घालू?

निघताना हात धरला. हात कागदासारखा. म्हणाले, "एक माहीत करून दे. लष्करातल्या माझ्या कर्नलने त्या नव्या खात्यात मलाच का पाठवलं? मी चांगला होतो म्हणून, की नको होतो म्हणून? तीस वर्षं त्या खात्यात काढली, कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. जायच्या आधी कळायला हवं."

कर्नल केव्हाच वारले. पण त्यांची सेक्रेटरी, मिस एडना, आहे. न्यू जर्सीला, आमच्या अनघाताईच्या आयसेलिनच्या अगदी जवळ. दर ख्रिसमसला आजोबांना तिचं कार्ड येतं. स्वतः का नाही विचारलं? तर खिडकीबाहेर बघत बसले.

७ ऑक्टोबर, शनिवार. आयसेलिन

अनघाताईकडे उतरलेय. (मावसबहीण असावी तर अशी, विचारायच्या आधी पोहे.) ओक ट्री रोडवर दिवाळीची गर्दी, साड्या, सोनं, जिलबीचा वास. दोन वळणांपलीकडे एकदम शांत गल्ली, मेपल लाल झालेले, आणि मिस एडनाचं घर. मोत्यांची माळ घालून माझी वाट बघत होत्या.

सगळं सांगितलं, न अडखळता. वरून हुकूम आला की नव्या खात्यासाठी प्रत्येक कचेरीने माणसं द्या. हुशार माणसं कोण देतं? सगळ्यांनी आपापली नकोशी दिली. कर्नल एडनाबाईंना म्हणाले, ज्याच्यावाचून आपलं अडणार नाही असा एक जण काढ. एडनाबाईंनी हॅरल्ड हॅलमचं नाव टाइप केलं.

"लढाई संपली होती. किनाऱ्यांचे फोटो कुणाला हवे होते? शिवाय तो दिवसभर स्वप्नातच असायचा."

मग चहा ओतताना, माझ्याकडे न बघता: "पुढे महिनाभर त्याच्या टेबलावर मी कुणाला बसू दिलं नाही. का ते विचारू नकोस."

विचारलं नाही. निघताना सवयीने पाया पडायला वाकले तर घाबरून म्हणाल्या, "काय पडलं तुझं?" आणि माझ्याबरोबर गालिच्यावर शोधायला लागल्या.

९ ऑक्टोबर, सोमवार. कॅरी

सांगू की नको? रात्रंदिवस हेच. नव्वदीच्या माणसाला तोंडावर सांगायचं, तुम्ही नको होता? कानाला गोड लागेल असं काहीतरी ठोकून द्यावं. कोण तपासणार आहे!

सहज विद्याकाकूंना फोन केला. मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. विचारून टाकलं, कमिटीवर मला का पाठवलं? "अगं, तू जॉब करत नाहीस ना. तुला वेळ असतो." पीएच.डी. म्हणजे यांच्या लेखी वेळ असणं! डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. पण खोटं बोलल्या असत्या तर? मला ते कळलंच असतं, आणि मग जास्त लागलं असतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. फोटोंचं, स्वप्नाचं, सगळं. टाइप एडनाबाईंनीच केलं हेसुद्धा.

पाइनच्या शेंड्यांकडे तोंड फिरवलं. मग खांदे हलायला लागले. मी घाबरले. हसत होते!

"म्हणजे नौदलवालेसुद्धा? सगळेच्या सगळे नकोसे?"

हो म्हटलं.

"तरीच आमचं इतकं जमलं."

मला इतकं हलकं वाटलं की पर्स उचलता उचलता टेबलाची गोष्टही सांगून टाकली. महिनाभर कुणाला बसू दिलं नाही, म्हणून.

हसू थांबलं. "खिडकीजवळचं टेबल?" ते मला माहीत नव्हतं. नर्स जेवायला बोलवायला आली, तिला हाताने थांब म्हणाले. मी निघाले तेव्हा तसेच बसलेले.

२१ ऑक्टोबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. करंज्या फुटल्या, समीरने त्यालाच ओपन करंजी असं नाव दिलं. संध्याकाळी आजोबांचा फोन. आवाज तरुण.

"मला न्यू जर्सीला घेऊन चल."

बघते म्हटलं. दिवसभराचा रस्ता! त्यांची मुलगी कॅरल इथेच राहते, तिला कळवलं. स्पष्ट नाही म्हणाली. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंय, बाबा एवढा प्रवास सोसणार नाहीत. तिचं चूक नाही. तिचे वडील आहेत.

एडनाबाईंना फोन केला, नुसता अंदाज घ्यायला. म्हणाल्या, "तो येणार असेल तर दोन दिवस आधी सांग. केस सेट करून घ्यावे लागतील."

हे कॅरलला कसं सांगायचं? आजोबांनाही सांगितलं नाही अजून. आता मीच पहाटे स्वप्नात बघतेय, एक लाकडी खोली, पाणी चढलेलं, सगळे आपापल्या टेबलावर तरंगत निघालेत आणि कुणीही घाबरलेलं नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी वृद्धाश्रमातून फोन. मि. हॅलम नाश्त्यापासून लॉबीत कोट घालून बसलेत, तुम्ही नेणार आहात म्हणतात, खरं का? मी म्हटलं येते. एवढंच.

समीर म्हणाला, "हे बघ, डिसिजन तुझा. पण कॅरलला न विचारता त्यांना गाडीत घेऊ नकोस." कॅरलला दोनदा केला. उचलत नाहीये. मेसेज ठेवला, एडनाबाईंच्या केस सेट करण्याचंसुद्धा त्यात सांगितलं, शहाण्यासारखं.

गाडीतच लिहितेय, त्यांच्या दारासमोर. धुकं अजून उतरलं नाही, झाडं अर्धीच दिसतात. आजोबा काचेतून दिसतायत. करड्या कोटात, गळ्याला टाय, मांडीवर हॅट. लॉबीतल्या खिडकीजवळची खुर्ची घेतलीय. मला बघितलं त्यांनी. हात वर केला, उठायला लागले.

फोन वाजतोय. कॅरल.