आबा, मी कॉम्प्युटर जोडला

पुणे

आबांना वनिताचा मनापासून जयभीम.

मी बरी आहे. फोनवर बोलताना आई तुमच्या शेजारीच असते, म्हणून हे पत्र. कंपनीतलं काम सुटलं. लॅपटॉप त्यांचाच होता, तो परत घेतला. आईला एवढंच सांगा की पोरगी आता घरून काम करते. दुसरं मिळेल, काळजी करू नका.

आणि आबा, मी स्वतः कॉम्प्युटर जोडला! सुटे भाग आणले, व्हिडिओ बघत बघत बसवले. त्यातला प्रोसेसर म्हणजे सगळा मेंदू, पण बिस्किटाएवढा. क्षणात कोट्यवधी हिशेब करतो म्हणे, आणि आवाज म्हणून नाही. तो बसवताना मी श्वास रोखून धरला होता.

बटण दाबलं, तर ढिम्म. रडूच आलं. मग तुम्ही आठवलात. विहिरीवरची मोटार बंद पडली की तुम्ही संजयदादावर खेकसता, "मोटारीला कावून शिव्या द्यायलास बे? आधी लाईन बघ." आणि वायर धरून मागं मागं चालत जाता. मीही तशीच मागं गेले. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीमागचा खटकाच बंद होता! तो टाकला, तसे पंखे फिरले, स्क्रीन उजळली. अंगावर काटा आला, आबा. लई वेळ नुसती बघत बसले.

तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला?

दादाला शिकवलंत, पण मला मोटारीच्या स्टार्टरला कधी हात लावू दिला नाहीत. भीमजयंतीला गावी, युसूफ वडगावला येते आहे. त्या दिवशी मोटार मी चालू करणार. तुम्ही बांधावर बसून पाणी यायची वाट बघा.

तुमचीच,
वनिता