बाबांचा पाय ब्रेकवरच होता

दि. ९ मार्च

दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. इकडे बाबांचा खोकला कमी आहे, मागच्या खोलीचं गळणं थांबलंय आणि दंतवैद्य बाईंनी माझी शनिवारची सुट्टी पुन्हा कापली. रीतीचं एवढं पुरे. फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. यात तुला मधेच बोलता येणार नाही.

परवा तू पाठवलेला भंगारवाला आला होता. मला विचारलं नाहीस, बाबांना विचारलं नाहीस, थेट माणूस दारात! त्याने बाबांच्या पिकअपला साखळी लावायला घेतली, तेव्हा मी गाडीखालून सरपटत बाहेर आले. तो बिचारा दचकून दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "तुमच्या भावाशी बोलणं झालंय." मी म्हटलं, "मग भावालाच उचलून न्या." गेला.

हो, गाडीखालून. गेले चार महिने मी आपली पिकअप दुरुस्त करतेय. तुला सांगितलं नाही, कारण तू हसला असतास. हसण्यासारखं होतंच म्हणा. पहिल्या दिवशी बॉनेट कसं उघडतं हे शोधण्यात अर्धा तास गेला. ऑइल बदलताना खाली तसराळं ठेवायचं विसरले आणि सगळं काळं ऑइल माझ्या बाहीतून कोपरापर्यंत शिरलं. दिवसभर लोकांच्या दाढांसमोर दिवा धरणारी बाई मी. पण बाबांच्या कपाटात गाडीचं जुनं पुस्तक सापडलं, पानापानावर त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे. जिथे ठसे जास्त, ते काम अवघड, असं समजून मी हळूहळू पुढे गेले. कार्बोरेटर तीनदा उघडला. तिसऱ्यांदा जोडला तेव्हा एक स्क्रू उरला, तो अजून कुठला ते कळलेलं नाही. पण इंजिन सुरू झालं! मी एकटीच अंगणात टाळ्या वाजवत होते. बाबा खिडकीत बसले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा फिरवली.

अपघात झाल्यापासून दीड वर्ष ते असेच बसतात, दादा. तू दोन दिवसांसाठी येतोस, तुला वाटतं, म्हातारपण. मला रोज दिसतं.

तीस वर्षं या माणसाने त्या गाडीतून खिडक्यांच्या काचा पोचवल्या. मागे उभ्या केलेल्या लाकडी चौकटीच्या घोडीला टेकवून, मध्ये गोणपाट घालून. एक काच तडकली नाही. आणि उतारावर गाडी पोस्टाच्या भिंतीवर गेली, बाकावरची बाई थोडक्यात वाचली, तेव्हा आपण काय केलं? ते सांगत होते, "मी ब्रेक दाबला होता. पेडल खालपर्यंत गेलं. पाय ब्रेकवरच होता माझा." विम्याच्या माणसाने येऊन पेडल दोन-चारदा दाबलं आणि ब्रेक ठणठणीत म्हणून लिहून गेला. मग तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबा, वय झालं. घाबरून पाय चुकीच्या पेडलवर पडला असेल." ते तिसऱ्यांदा सांगायला लागले, तेव्हा तू म्हणालास, "आता पुरे!" त्यानंतर त्यांनी तो विषय काढलाच नाही. पुढे पुढे कुठलाच काढेनासे झाले.

मागच्या रविवारी मी ब्रेकच्या कामाला हात घातला. पेडल भरभर दाबलं की घट्ट. म्हटलं, विम्याचा माणूस खरं तेच बोलला होता. मग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एकदाच दाबून पाय तसाच ठेवला. पेडल हळूहळू, अगदी शांतपणे, तळाला जाऊन टेकलं. माझ्या पायाखाली. बाबा सांगत होते, अगदी तसंच.

पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर उघडला. आतल्या रबराच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्यामुळे ब्रेक ऑइल बाहेर गळत नाही, आतल्या आत निसटतं. कधी ब्रेक लागतो, कधी लागत नाही. नवं रबर घ्यायला मी तो भाग कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी एकदा पाहिला आणि म्हणाले, "हे अजून बदललंच नाही? तुमच्या भावाला तेव्हाच सांगितलं होतं मी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"घर बदलायला गाडी नेली होती ना त्यांनी? पेडल खाली बसतंय म्हणून दाखवायला आणली. मी म्हटलं, ठेवून जा, असली गाडी चालवू नका. म्हणाले, सामान हलवून झालं की आणतो."

सामान हलवून झालं. गाडी तू तशीच अंगणात आणून लावलीस. चौथ्या दिवशी बाबा काचा घेऊन निघाले.

तू विसरलास, हे मी समजू शकते. माणूस विसरतो. पण त्या संध्याकाळी बाबा "पेडल खाली गेलं" म्हणत होते, तेव्हा तुला आठवलं होतं. आठवलं होतं ना, दादा? म्हणूनच तुला ती गाडी भंगारात घालायची इतकी घाई आहे ना? स्वतःची चूक झाकायला तू त्यांना म्हातारं ठरवलंस!

माझंही सांगते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली मी काढून घेतली होती, ते झोपलेले असताना. त्यांनी आठवडाभर घरभर शोधली आणि मी त्यांच्यासोबत शोधायचं नाटक केलं.

ते रबर मी बाबांच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "तुमचा पाय ब्रेकवरच होता. माझं चुकलं. किल्लीही मीच लपवली." त्यांनी रबर अंगठ्याने बराच वेळ चाचपलं. मग म्हणाले, "सिलिंडरला आतून चरे आहेत का बघितलंस? असतील तर नुसतं रबर बदलून भागायचं नाही. नवा सिलिंडर घे." चष्मा मागितला. उठले. दीड वर्षानंतर अंगणात आले.

आणि तिथे, चाकाशी वाकलेले असताना, मला विचारलं, "त्याच्या आदल्या आठवड्यात गाडी दादाकडे होती ना? सामान भरून, पोरांना घेऊन?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "बरं झालं. जे व्हायचं ते माझ्याच हातून झालं."

तुला मिस्त्रींनी सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते मी सांगणारही नाही. फोनवर नको, चिठ्ठीतून नको, वहिनीला पुढे करून तर मुळीच नको. ये आणि त्यांच्यासमोर उभं राहून सांग.

तुझ्याइतकीच चुकलेली, पण कबूल करून मोकळी झालेली,
तुझी धाकटी बहीण