सहा निळे, एक काळा

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इस्पितळात तुझ्या पायाला भिंगरी असते हे ठाऊक आहे, पण चार घास बसून खात जा. आई गेल्यापासून मला रागवायला तू आहेस. तुला रागवायला कुणीच नाही, म्हणून ते काम मी घेतलंय.

आमचा घड्याळजी परवा आघाडीवर गेला. लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पण निरोप घ्यायलाही अर्धा तास उशिरा आला! परतल्यावर आमचं लग्न, असं ठरलंय. कारखान्यात आता सैनिकांचेच कोट शिवतो. मुकादमबाईंच्या विनवण्या करून त्याचा कोट मी माझ्या टेबलावर मागून घेतला. आतल्या खिशाखाली निळ्या दोऱ्याचे टाके घातले, प्रत्येक टाक्याला आई म्हणायची ती प्रार्थना. सात घालायचे होते. सहा झाले आणि निळा दोरा संपला, म्हणून सातवा काळा घातला. देव काही रंग बघत नसेल, हो ना?

तुझी माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू मला रागावणार! कालपरवापर्यंत तुझी वेणी मी घालत होते.

देव मन बघतो, रंग नाही, काळजी सोड. पण आपल्याच माणसापुरतं मागणं मला बरं वाटत नाही गं. इथे रोज कुणाची ना कुणाची पोरं येतात. तुझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कोटात ते सात टाके घाल, सगळ्यांवर देवाची नजर राहील. आमच्या नव्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले. हसू देत बापडे.

घड्याळजीला लिही, लग्नाला उशीर केलास तर गाठ माझ्याशी आहे.

देव तुला सुखी ठेवो. मी पत्राची वाट बघते.

तुझी ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. आता आम्ही चौघीजणी प्रत्येक कोटात सात निळे टाके घालतो. दोरा वाया जातो म्हणून मुकादमबाईंनी कटकट केली, आणि मग एक दिवस स्वतःच्या भाच्याचा कोट हळूच माझ्यापुढे सरकवला.

घड्याळजीचं पत्र येऊन सहा आठवडे झाले. उशीर करायची त्याला सवयच आहे, असं मनाला समजावते, पण जीव थाऱ्यावर नाही. त्याच्या तुकडीतले जखमी तुमच्याकडेच येतात ना? कुणाला विचारशील? जे असेल ते कळव.

उत्तर लवकर यावं, एवढीच विनंती.

तुझी धाकटी


३० ऑगस्ट

चि. धाकटीस,

पत्र पोचलं. कामाच्या रेट्यात उत्तराला उशीर झाला.

तुमचे निळे टाके इथे पोचलेत. कोट उतरवताना अस्तर उलटलं की दिसतात. काल एका दिवसात एकोणीस मोजले. मी प्रार्थना करणं सोडलंय, धाकटे. तू करू नकोस, असं म्हणत नाही.

इथले धुतलेले कोट यापुढे दुरुस्तीला तुमच्या कारखान्यात येतील. पहिला गठ्ठा शुक्रवारी निघेल. तो तू स्वतः उघड.

तुझी ताई


११ सप्टेंबर

ती. ताईस,

गठ्ठा उघडला. वरून तिसरा कोट. सहा निळे, एक काळा, आणि त्यांच्या खाली दोन बोटं जातील एवढं भोक.

त्या काळ्या टाक्याचं माझ्याशिवाय फक्त तुला ठाऊक होतं. आधी वाटलं, कोट आला म्हणजे माणूस गेलाच असं नाही. तो तुझ्याकडे खाटेवर असेल, बरा होत असेल. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यात आशीर्वाद नव्हता.

मला आडवळणाने नको. सरळ सांग.

धाकटी


१७ सप्टेंबर

चि. धाकटीस,

घड्याळजी ५ ऑगस्टला आमच्याकडे आला. त्याने मला ओळखलं. दुखतंय असं एकदाही म्हणाला नाही, फक्त सारखं किती वाजले ते विचारायचा. धाकटीची माफी मागा म्हणाला, या वेळी फारच उशीर होतोय. चार दिवस मी त्या सात टाक्यांवर हात ठेवून देवाला आळवलं. नऊ तारखेला सकाळी तो गेला. तू मला पत्र लिहिलंस तो दिवस. तेव्हापासून देवाशी माझं बोलणं नाही.

पाच वेळा कागद पुढे घेतला, पण ‘गेला’ हा शब्द तुला लिहायला हात धजेना. म्हणून डाग जाईपर्यंत तो कोट तीनदा धुतला आणि गठ्ठ्यात घातला. तुला आईसारखं वाढवलं, आणि वेळ आली तेव्हा गठ्ठ्याआड लपले. मला माफ करू नकोस, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी ताई


२६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खूप रागावले आहे. चार दिवस तुझं पत्र फाडायला घेते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. पण शेवटी त्याच्याजवळ तू होतीस, परकं कुणी नव्हतं. तिथे माझा राग टिकत नाही.

तो कोट ठेवून घे, वरच्यांना मी बघते, असं मुकादमबाई म्हणाल्या. मी नको म्हटलं. थंडी येतेय, कुणाला तरी लागेल. भोक बुजवलं, आतून दुहेरी ठिगळ लावलं. त्यातले टाके उसवले नाहीत. नव्या कोटांत मात्र मी ते घालत नाही. त्या वेळात अस्तराची शिवण दोनदा मारते. कोट उबदार व्हावा, एवढंच माझ्या हातात आहे.

काल तो कोट गेला. खिशात चिठ्ठी ठेवलीय, की ज्याच्या अंगावर हा जाईल त्याने आजच घरी पत्र लिहावं, उशीर करू नये.

तूही करू नकोस.

तुझीच,
धाकटी